मुलगी कॅपमध्ये धरावी की नाही, याबाबत व्याह्यांस

बोरीवली (पूर्व)
अधिक ज्येष्ठ, शुक्रवार दुपार

आदरणीय व्याही श्री. देवदत्तराव यांस,

बोरीवलीहून काशीरामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एक हात पाठीमागे ठेवून नमस्कार करणारी माणसं मी या लीगमध्ये पुष्कळ पाहिली, म्हणून मुद्दाम 'दोन्ही' लिहिलं.) विहीणबाई मृणालिनीताईंचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावत असतील तर चोळून लावायला सांगा, नुसतं पुसून उपयोग नाही. आणि लावत नसतील तर बाटली परत पाठवा, माझ्या कंबरेला कामी येईल. तुमची साखर जेवणानंतर किती येते ते श्रेयसरावांकडून कळतं, पण जावईमाणूस सासऱ्याला काळजी नको म्हणून दहावीस आकडे खाली सांगत असावा असा मला दाट संशय आहे. आमच्याकडे क्षेम. वनमाला ठणठणीत आहे, म्हणजे माझ्याशी भांडते आहे.

तुम्ही म्हणाल, बोरीवलीहून मुलुंडला फोन लागत असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो. तर देवदत्तराव, फोनवर मी "व्याहीसाहेब, एक विषय होता" म्हटलं की तुम्ही "हां हां, बोला काशीरामजी" म्हणत फोन विहीणबाईंच्या हातात देता. त्या वनमालाला मागतात, आणि दोघी कुरडयांच्या चिकावर येतात. महिना झाला, आपण दोघे त्या एका विषयाच्या पुढे सरकलेलो नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहावं, तर तिथे तुमचे ते आत्येभाऊ आहेत, जे लग्नाच्या बातमीलाही अंगठा दाखवतात आणि मयतीच्याही. पत्राचं बरं असतं. वाचणारा कंटाळून बाजूला ठेवेल, पण पत्र काही उठून जात नाही. आणि मीही उठून जाणाऱ्यांतला नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

विषय एकच. येत्या हंगामात आपली श्वेता (माझी मुलगी, तुमची सून, हा क्रम वयाप्रमाणे लावला आहे, राग नसावा) बास्केटबॉल कोणाकडून खेळणार? माझ्या बोरीवली वाघिणींकडून, की तुमच्या मुलुंड मंजिरींकडून? परवा रविवारी संध्याकाळी उपनगर महिला लीगची मोकळ्या खेळाडूंची नोंदणी बंद होते. तोवर मी स्वस्थ बसणार नाही. (मंजिरी हे नाव फार सात्त्विक आहे, तुळशीची आठवण येते. पण धावत येणाऱ्या पोरीला धडक देताना समोरचीला जरा तरी भीती वाटावी असं काहीतरी ठेवायला हवं होतं. असो. तुमचा पहिलाच हंगाम.)

मी संघ का काढला हे तुम्हाला बैठकीत कधी सांगितलं नाही, कारण लग्नाच्या बैठकीत मुलीचा बाप कमी बोलतो. आमचे वडील गिरणीत. गिरणी गेली तेव्हा मी नववीत होतो, तिथेच माझी पदवी झाली. मग सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांत उतरलो, तो अजून उतरतोच आहे. फरक इतकाच की आता खाली माझ्या नावाच्या तीन गाड्या उभ्या असतात. श्वेता लहान असताना वनमाला कारखान्यात पॅकिंगला जायची, म्हणून पोरगी माझ्याबरोबर गच्च्यांवर. तिला रमवायला मी एका मोडक्या टाकीच्या झाकणाचं लोखंडी कडं जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर ठोकलं आणि हातात चेंडू दिला. मी आत टाकी घासायचो, ती बाहेर चेंडू टाकायची. कड्याला लागला की टण्ण आवाज यायचा, आरपार गेला की काहीच नाही. मी आत बसून ते 'काहीच नाही' ऐकायचो. पुढे पुढे तर मला टण्ण ऐकू येईनासंच झालं. त्या मुलीसाठी हा संघ आहे, देवदत्तराव. बाकीच्या अकराजणी गुणी आहेत, पण संघ तिच्यासाठी आहे.

आता कॅप. तुम्ही विमा कंपनीत जन्म काढला, तुम्हाला समजावणं म्हणजे कोळ्याला पापलेट दाखवणं. पण हे पत्र विहीणबाईही वाचणार (वाचाच ताई, पुढे तुमचंही नाव येतं), म्हणून सोपं करून लिहितो. एका संघाने सगळ्या खेळाडूंना मिळून हंगामाला आठ लाखांच्या वर मानधन द्यायचं नाही. ही झाली कॅप. पहिल्या वर्षी एका पैसेवाल्या मालकाने उंच उंच पोरी सगळ्या स्वतःकडेच ओढल्या, आणि बाकीच्या संघांत माझ्या खांद्याला लागणाऱ्या मुली उरल्या, तेव्हापासून हा नियम आला. आठ लाखांतून तुम्ही जेवढे कबूल केलेत तेवढे वजा करा, उरते ती तुमची जागा. आणि दुसरा एक नियम, ज्याच्यावर आपलं सगळं महाभारत उभं आहे: मालकाच्या घरातली एक व्यक्ती संघात असेल तर ती कॅपमध्ये धरायची नाही. घरची म्हणून. दोन वर्षं श्वेता माझ्या घरची म्हणून खेळली, मी आठच्या आठ लाख बाकीच्यांवर लावले, आणि गेल्या वर्षी आपण (म्हणजे आम्ही) दुसरे आलो.

मग माघात लग्न झालं. आणि वैशाखात तुम्ही मुलुंडचा संघ घेतला. योगायोग. मी तुम्हाला मनापासून पेढे पाठवले होते, आठवत असेल.

कमिटीच्या पहिल्या बैठकीत मी नेहमीप्रमाणे यादी दिली: श्वेता, घरची, कॅपबाहेर. तुम्ही उभे राहिलात. चष्मा पुसलात. "तांत्रिकदृष्ट्या," तुम्ही म्हणालात (देवदत्तराव, तुम्ही हा शब्द उच्चारलात की मी आधी खिसा चाचपतो, हे आज सांगून टाकतो), "तांत्रिकदृष्ट्या ती आता आमच्या घरची आहे." मी हसलो. मला वाटलं व्याह्यांची थट्टा. तर तुम्ही पेन ड्राइव्ह काढलात आणि कमिटीच्या टीव्हीवर लग्नाची झाल लावलीत.

आता झाल म्हणजे काय ते लीगचे सेक्रेटरी यज्ञेशभाईंना ठाऊक नव्हतं, ते तुम्हीच समजावलंत: दिव्यांची टोपली मुलाकडच्यांच्या डोक्यावर ठेवून मुलीचे आईबाप सांगतात, मुलासारखी वाढवली, आता तुमच्या मुलाला दिली, मायेने सांभाळा. बस, एवढंच. गुरुजींनी एवढंच म्हणवून घेतलं होतं. पण मला त्या वेळी काय झालं कोण जाणे. विहीणबाईंच्या डोक्यावर ती टोपली, त्यांचे डोळे भरलेले, माझे वाहत असलेले, मी सनईवाल्याच्या पुढचा माईक ओढला आणि भर मांडवात म्हणालो, "आजपासून श्वेता आमची नाही! पूर्णपणे तुमची! आमचा तिच्यावर काडीचाही हक्क उरला नाही!" टीव्हीवर हे तीन कॅमेऱ्यांतून दिसलं, एकदा तर संथ गतीत. शेवटच्या वाक्याला व्हिडिओवाल्याने आकाशातून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या. (त्या व्हिडिओचे पैसे मीच दिले होते.) यज्ञेशभाईंनी डोळे पुसले आणि निकाल दिला: मुलगी मुलुंडची.

साऱ्या महाराष्ट्रात मुलीचे बाप मांडवात असं काहीबाही बोलतात. ते बोलणं पुरावा म्हणून वापरणारे व्याही मात्र मला एकट्यालाच मिळाले.

तर आता हिशेब असा. तुमच्याकडे ती घरची, म्हणजे कॅपबाहेर. माझ्याकडे ती मोकळी खेळाडू, म्हणजे मानधन देऊन घ्यायची, आणि गेल्या हंगामातली सर्वोत्तम म्हणून तिचं कमीत कमी मानधन लीगने ठरवलेलं आहे तीन लाख. माझ्याकडे जागा अडीच लाखांची. पन्नास हजार कमी पडतात. खिशात नाहीत असं नाही, पण खिशातले चालत नाहीत. जागेत बसायला हवेत. मी रुचिराला गाठलं. (आमची सेंटर. सहा फूट उंच, बोलते दोन इंच.) म्हटलं, बाळा, श्वेतासाठी पन्नास हजार कमी घेशील का? ती बुटाची नाडी बांधत म्हणाली, "काका, तुम्ही टाकीचा रेट कधी कमी केलाय का?" मुलगी बरोबर बोलली. पुढच्या वर्षी हिला वाढवून द्यायचे हे मी मनात टिपून ठेवलं.

मग अधिक महिना लागला. आता याला तरी माझा डाव म्हणू नका, महिना पंचांगवाल्यांनी आणला. लग्नानंतरचा पहिलाच अधिक, जावयाला बोलावणं आलंच. श्रेयसराव जेवले, पुरणाचे धोंडे जेवले, चांदीचं तबक, निरांजन, अनारसे असं रीतीप्रमाणे वाण दिलं. (मी जावयांना सहज म्हटलं की चार महिने इथेच राहिलात तर ऑफिसला मेट्रो सोयीची पडेल. हे खरंच सहज म्हटलं होतं. फक्त खोलीला नवा रंग लावून ठेवला होता, एवढंच.) अनारसे तुमच्याकडेही पोचले, तुम्ही खाल्लेत, "उत्तम जाळी पडली आहे" असा निरोप धाडलात, आणि दुसऱ्याच दिवशी कमिटीकडे तक्रार केलीत, की बोरीवलीच्या मालकाने मोकळ्या खेळाडूच्या घरच्यांना वस्तुरूपाने लाच दिली, ती त्यांच्या कॅपमध्ये धरावी. त्या तक्रारीच्या कागदावर तुपाचा डाग होता, देवदत्तराव. मी बोट लावून पाहिला. आमचंच तूप होतं.

सुनावणीला यज्ञेशभाईंनी अनारशांचा डबा टेबलावर मागवला. मी म्हटलं, साहेब, हे वाण आहे, धर्माचं आहे. तुम्ही म्हणालात, तांत्रिकदृष्ट्या धर्म तेहतीस सांगतो आणि डब्यात चाळीस होते. विहीणबाईंनी मोजले होते. (ताई, तुमचं नाव येतं म्हटलं होतं ते इथे.) वनमालाने सात जास्त घातले होते, प्रवासात तुटतात म्हणून. झालं. यज्ञेशभाईंनी विचार केला, एक अनारसा उचलून खाल्ला, पुन्हा विचार केला आणि म्हणाले, "काशीरामभाई, एका अनारसाचा भाव काय पकडायचा?" तुम्ही तुमच्या नाक्यावरच्या मिठाईवाल्याचा भाव सांगितलात, तीस रुपये. यज्ञेशभाईंनी लिहिलं: अनारसा, नंग सात, रुपये दोनशे दहा, बोरीवलीच्या कॅपमध्ये. आता माझी जागा दोन लाख एकोणपन्नास हजार सातशे नव्वद आहे. कमिटीने सुनावणीत जे अकरा अनारसे खाल्ले ते वजा करा असा अर्ज मी दिला, तो प्रलंबित आहे. वनमालाला हे घरी येऊन सांगितलं तर ती कॅपचं काही बोललीच नाही. म्हणाली, "माझ्या अनारशाक तीस रुपये? खंयचो हो टिकोजी भाव लावणारो?" ती तुमच्यावर रागावली आहे ती श्वेतावरून नाही, हे लक्षात असू द्या.

आता मुख्य गोष्ट, जी मी कोणालाच सांगितलेली नाही आणि तुम्हालाही सांगणार नव्हतो.

परवा बुधवारी सकाळी तुमच्या सोसायटीची टाकी साफ केली. हे काम तुम्हीच मिळवून दिलंत, तो उपकार मी विसरलेलो नाही. माझा माणूस गावी गेला होता, आणि व्याह्यांच्या इमारतीत पोचट काम नको, म्हणून मीच आलो. तुम्हाला कळवलं नाही, कारण मुलीच्या सासरच्यांना बाप अर्ध्या चड्डीत दिसू नये, एवढी लाज मला आहे. पंप बंद करून, गच्चीच्या भिंतीवरच्या नव्या कड्याकडे एकदा बघून मी आत उतरलो, आणि जरा वेळाने वर गच्चीवर चेंडू आपटल्याचा आवाज आला. माझे कान तिखट आहेत, हे धंद्याने झालंय. लोक खाजगी बोलायला, चोरून फोन करायला गच्चीवर येतात, आणि टाकीत माणूस असेल हे कोणाच्या ध्यानात येत नाही. बोरीवलीतली अर्धी लग्नं आणि पाव घटस्फोट मला छापून यायच्या आधी ठाऊक असतात. पण तो चेंडू कोणाच्या हातचा, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. दोन टप्पे, मग थांबा, मग एक लांब श्वास, मग काहीच नाही. माझीच पोरगी.

आणि मग तुमचा आवाज. "वा, सूनबाई!" आणि कोणीतरी धापा टाकत चेंडूमागे धावल्याचा आवाज, आणि ते कोणीतरी म्हणजे तुम्ही, देवदत्तराव, तुमच्या त्या घरच्या सपातांत. पुन्हा चेंडू, पुन्हा "वा!", पुन्हा सपाता. मला राग यायला हवा होता. अर्धाच आला. बाकीचा अर्धा कुठे गेला ते मी घोट्याभर पाण्यात उभा राहून शोधत होतो, तेवढ्यात तुमचा फोन वाजला, आणि त्याने तो मला आयता शोधून दिला. तुम्ही कोणाला तरी म्हणालात, "श्वेता तर घरचीच आहे, तिचे काही द्यायचे नाहीत. आठच्या आठ लाख हातात. अंधेरीची ती सव्वासहा फुटी माधुरी, तिला रविवारी सकाळी गाठू, घाई नाही." फोन ठेवलात, चार पावलं टाकलीत आणि म्हणालात, "हे कंत्राटदाराचे लोक बघा! झाकण उघडं टाकून चहाला गेले. कोणी पडलं म्हणजे?" आणि जबाबदार नागरिकासारखं झाकण लावून खाली गेलात.

कंत्राटदार आत होता.

आत काळोख, डोक्यावर लोखंड, हातात ब्रश. हाक मारावी तर इज्जत जाते, न मारावी तर जीव जातो. मी इज्जत सोडायच्या बेतात होतो, इतक्यात झाकण सरकलं. श्वेता. माझ्या चपला टाकीजवळ होत्या; तुम्ही वर बघून चालता, तुम्हाला दिसल्या नाहीत. तिने टॉवेल पुढे केला. "बाबा, सगळं ऐकलंत ना?" म्हटलं, "ऐकलं. तू काही काळजी करू नको, मी निस्तरतो." ती म्हणाली, "मला काही विचारायचं नाही तुम्हाला?" मी म्हटलं, "त्यात विचारायचं काय? तुला कोणाकडून खेळायचंय ते मला ठाऊक नाही होय?" ती चेंडू काखेत घेत म्हणाली, "कान पुसा, पाणी गेलंय." तेव्हा बघा, देवदत्तराव, पोरीची माया कोणीकडे आहे ते.

म्हणून माझं आता ठरलं आहे. मी मागे हटत नाही. माझ्याकडे पैसा तुमच्याइतका जुना नाही, शिक्षण तर नाहीच, पण घासत बसायची ताकद आहे. कितीही वर्षांचा गाळ असू द्या, मी तळ दिसल्याशिवाय वर येत नाही. तुम्ही मांडवातला व्हिडिओ लावलात, तर मी पंचांग लावतो. लीग श्रावणात सुरू होते आणि दिवाळीच्या तोंडाशी संपते. लग्नाचं पहिलं वर्ष. पहिली मंगळागौर माहेरी, नागपंचमी माहेरी, गौरीला ती माहेरवाशीण, आणि शेवटाला दिवाळसण माहेरी. सामन्यांच्या तारखा मी वनमालाला घेऊन एकेक पडताळल्या. जिथे सण सापडला नाही तिथे तिने व्रत सापडवून दिलं. सबंध हंगाम ती माहेरवाशीण ठरते, आणि माहेरवाशीण ही माहेरच्या घरची, हे कोणत्या यज्ञेशभाईला नाकारता येतं ते मला बघायचंच आहे. तांत्रिकदृष्ट्या.

बाकी विशेष काही नाही. आंबे संपत आले. तुमच्या टाकीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात एक बारीक चीर आहे, पावसाच्या आत भरून घेऊ. गुडघ्याची काळजी घ्या, साखरेची त्याहून जास्त. श्रेयसराव आणि श्वेता आज संध्याकाळी जेवायला येत आहेत, त्यांच्याच हाती हे पाकीट देतो. विहीणबाईंना नमस्कार, तुमच्या आत्येभावांना अंगठा.

तुमच्यापुढे नातं म्हणून वाकलेला आणि लीग म्हणून ताठ उभा,

काशीराम

ता.क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. पाकिटात आणखी एक कोरा कागद आहे. त्यावर आपल्या हाताने एवढंच लिहून द्यावं: 'आमची सून हंगामभर सणांसाठी माहेरी पाठवण्यास आमची हरकत नाही.' बास्केटबॉलचा उल्लेख नको, उगाच कागद खराब होतो. सही विहीणबाईंची मिळाली तरी चालेल, किंबहुना अधिक चालेल.

पुन्हा ता.क. (शनिवार सकाळ.) पाकीट काल गेलं नाही. श्वेताने फोडलं. मी म्हटलं, अगं, नाव तुझ्या सासऱ्यांचं आहे. ती म्हणाली, नाव त्यांचं, पण मजकूर सगळा माझा. उभ्या उभ्या वाचलं, अनारशांपाशी हसली, टाकीपाशी हसली, पंचांगापाशी हसायची थांबली. मग म्हणाली, "बाबा, मी गुरुवारी घाटकोपरला सही केली."

मी म्हटलं, घाटकोपर? आपलं कोण आहे घाटकोपरला?

ती म्हणाली, "कोणी नाही, म्हणूनच. तुमच्याकडे दोन वर्षं घरची म्हणून फुकट खेळले. मुलुंडला पप्पांकडे घरची म्हणून फुकट खेळणार होते. घाटकोपरवाल्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही किती घेणार? बाबा, माझा भाव मला आजवर कोणी विचारलाच नव्हता. तीन लाख म्हटलं, हो म्हणाले. मग मला वाटलं, साडेतीन सांगायला हवे होते." श्रेयसराव आमरस खात होते. त्यांना आधीपासून ठाऊक होतं. घाटकोपरला त्यांनीच स्कूटरवरून सोडलं होतं. तुमचा मुलगा तुमच्या समजुतीपेक्षा हुशार आहे. वनमाला ओट्यापाशी होती. तिने मागे वळूनही न बघता सांगितलं, "बरां केलंस गो. ह्येंका दोघांकय फुकटाची सवय लागली हा." ('दोघांकय' यात तुम्ही आलात.)

मी गच्चीवर जाऊन आलो.

शेवटचं ता.क. (शनिवार, दुपारनंतर.) तो कोरा कागद परत पाठवू नका, वाणसामानाची यादी लिहायला घ्या. आता माझी विनंती वेगळी आहे, आणि ती अशी की उद्या सकाळी अंधेरीला जाण्याचा त्रास घेऊ नये. सकाळचा मजकूर लिहून उठलो तो तसाच तिकडे गेलो होतो. माधुरीला मी पहिला प्रश्न 'किती घेणार?' हाच विचारला. (आमच्याच घरात शिकलो.) ती दोन लाख चाळीस म्हणाली, मी दोन पंचेचाळीस दिले, तिने सही केली. तुमचे आठ लाख पुरेसे मोकळे आहेत, एखादी चांगली गार्ड बघा. हवी असल्यास दोन नावं सुचवतो, व्याही म्हणून.

पहिला सामना घाटकोपर विरुद्ध मुलुंड आहे. मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसेन म्हणतो. तुमचा संघ, तुम्ही मालक, तेव्हा तुम्ही मंजिरींसाठी ओरडा, मी आड येणार नाही. पण घाटकोपरची ती पोरगी फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहिली, दोन टप्पे टाकून थांबली, की मी काही तुमच्या भिडेखातर गप्प बसणार नाही. आणि तुमच्या तोंडून 'वा, सूनबाई' निघालं, तर मी यज्ञेशभाईंना सांगायला जाणार नाही, एवढा शब्द देतो. मात्र त्याच्या पुढच्या आठवड्यात ती आमच्याविरुद्ध खेळेल तेव्हा माधुरी तिला रेषेपर्यंत पोचूच देणार नाही, हेही आत्ताच लिहून ठेवतो.